जुनी बोट जपायची कशी?

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा सातपाटी आणि डहाणूच्या किनाऱ्यावर बोटी ओढून ठेवलेल्या दिसतात. पालघर-बोईसरच्या मुलांना हे दृश्य परिचयाचे आहे. कामातून गेलेली बोट मात्र बहुधा मोडीतच निघते. तिचे संग्रहालय करता येणार नाही का?

इंग्लंडमधील हल या बंदरात तसे झाले आहे. १९६० साली बांधलेली ‘आर्क्टिक कोर्सेअर’ ही पोलादी ट्रॉलर, म्हणजे पिशवीसारखे जाळे ओढत नेणारी बोट, १९८७ पर्यंत मासेमारी करीत होती. १९९९ मध्ये ती लोकांना पाहण्यासाठी खुली झाली.

आपल्याकडचा अनुभव वेगळा आहे. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि मुंबईत पाण्यातच संग्रहालय म्हणून उभी राहिली. ती सुरक्षित न उरल्याने २०१२ मध्ये लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये मोडीत निघाली. याउलट विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी किनाऱ्यावर ओढून घेतली गेली. २००२ पासून लोक ती पाहत आहेत.

पाण्यात उभ्या बोटीचा शत्रू म्हणजे गंज. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असल्याने वीज सहज वाहते आणि ही क्रिया वेगाने होते. लाटांनी सतत ओला-कोरडा होणारा भाग सर्वांत लवकर झिजतो. चालत्या बोटीला ठरावीक काळाने गोदीत घेऊन खरवडतात, रंगवतात. निवृत्त बोटीसाठी हा खर्च कोण करणार?

यावर एक उपाय जस्ताचा. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते. स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. मात्र झिजलेले जस्त वेळोवेळी बदलावे लागते.

वर्गात हे करून पाहा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. ते दोन पेल्यांत घ्या. एकात नुसता स्वच्छ खिळा ठेवा, दुसऱ्यात जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळलेला. रोज निरीक्षण नोंदवा. काही दिवसांत फरक दिसेल.

नंतर मुलांना किनाऱ्यावर न्या. ओढून ठेवलेल्या बोटींच्या पंख्याजवळ करड्या धातूचे तुकडे बसवलेले आहेत का, ते शोधू द्या. असल्यास ते कधी बदलतात, हे बोटीवरच्या काका-मामांना विचारू द्या. बोट जपणे हे एकदाच करून संपणारे काम नाही, हे त्या उत्तरातून त्यांना उमगेल.