परत बघायचा

२०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस सय्यद मुश्ताक अली करंडकाचे निर्णायक सामने सुरतेत झाले. लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर १ डिसेंबरला अंतिम सामना होता आणि १९ डिसेंबरला कोलकात्यात आयपीएलचा लिलाव. राज्य संघांची ही टी-ट्वेंटी स्पर्धा म्हणजे लिलावाआधी नजरेत भरण्याची शेवटची मोठी संधी. मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक पोराला ते ठाऊक होतं, आणि वही घेऊन बसलेल्या मोजक्या माणसांनाही. त्यांना टॅलेंट स्काउट म्हणतात. त्यांच्यापैकी एकाच्या शेजारी बसून मी हे सामने पाहिले. एके काळी रणजी खेळलेले हे गृहस्थ आता एका फ्रँचायझीसाठी खेळाडू हेरतात. नाव छापायचं नाही या अटीवर त्यांनी मला बसू दिलं. मी त्यांना सर म्हणत होतो.

त्या लिलावासाठी ९७१ खेळाडूंनी नाव नोंदवलं होतं. विकले गेले ६२. या दोन आकड्यांमधलं अंतर कापण्यात सरांसारख्या माणसांचं वर्ष जातं. लिलावाच्या दिवशी टीव्हीवर दिसतं ते टेबल, पाटी उचलणारा हात आणि हातोडा. त्याआधीचं काम अशा अर्ध्या रिकाम्या गॅलऱ्यांमध्ये चालतं.

सर सामन्याच्या पुष्कळ आधी मैदानावर येत. संघ सरावाला उतरले की त्यांचं काम सुरू. क्षेत्ररक्षक सीमारेषेवरून चेंडू फेकतो तेव्हा तो यष्टिरक्षकाच्या हातात थेट येतो की टप्पा पडून, उंच झेल घेताना डोकं स्थिर राहतं की मान हिसका खाते, प्रशिक्षक पाठ वळवून निघून गेला की कोण सराव थांबवतं आणि कोण चालू ठेवतं, हे सगळं ते पाहत. सामना सुरू झाला की पहिली काही षटकं साईटस्क्रीनच्या बाजूला, गोलंदाजाच्या हाताच्या रेषेत बसायचं. तिथून चेंडू हवेत किती वळतो, सीमवर पडतो की नाही, फलंदाजाची बॅट सरळ खाली येते की गलीकडून, हे दिसतं. मग उठून खेळपट्टीच्या काटकोनात जायचं. तिथून टप्पा कळतो, फलंदाज क्रीजमध्ये किती मागे-पुढे होतो ते कळतं. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, आणि सरांना नेमकं चेंडू नसतो तिथलं बघायचं असतं. चोरट्या धावेसाठी नॉन-स्ट्रायकर किती तयार आहे, मिडऑनवरचा मुलगा प्रत्येक फेकीला बॅकअपला धावतो का, षटकार खाल्लेला गोलंदाज परत रनअपच्या टोकाकडे कसा चालत जातो.

त्यांची वही साधी, स्पायरलची. पानावर तीन रकाने: ‘हवा’, ‘नको’ आणि ‘परत बघायचा’. सगळ्यांत लांब यादी तिसऱ्या रकान्यात. एका दुपारी एका तरुण सलामीवीरानं अर्धशतक ठोकलं, टाळ्या पडल्या. सरांनी त्याच्यापुढे एकच ओळ लिहिली. दुसऱ्या संघाचा सलामीवीर वीस धावांच्या आत बाद झाला, त्याच्यावर मात्र अर्धं पान. मी कारण विचारलं.

“पहिल्याला दोनदा जीवदान मिळालं,” सर म्हणाले. “धावा जवळजवळ सगळ्या लेगला, आणि त्या बाजूची सीमारेषा आज आखूड आहे. ऑफस्टंपच्या बाहेर कुणी सातत्यानं टाकलंच नाही. दुसऱ्याचं बघा. पहिला बाउन्सर आला तेव्हा तो उशिरा वाकला. दुसऱ्याला पुल मारायला गेला, चुकला. तिसरा आला तेव्हा वजन आधीच मागच्या पायावर होतं, चेंडू शांतपणे खाली ठेवून एक धाव काढली. सहा-सात चेंडूंत पोरगं शिकलं. आयपीएलमध्ये ताशी एकशे पंचेचाळीसनं टाकणारे रोज भेटतात. तिथं शिकणाराच टिकतो.”

या कामाचं मर्म तेच आहे. धावफलक काय झालं ते सांगतो. स्काउटला ठरवायचं असतं ते पुढचं: समोरचा गोलंदाज दुप्पट चांगला झाला, मैदान मोठं झालं, चाळीस हजार लोक ओरडायला लागले, तर या मुलाच्या खेळातलं काय शिल्लक राहील?

२९ नोव्हेंबरच्या उपांत्य सामन्यात याचा पक्का धडा मिळाला. कर्नाटकच्या अभिमन्यू मिथुननं हरियाणाच्या डावाच्या शेवटच्या षटकात पाच बळी घेतले, पहिल्या चार चेंडूंवर चार. रणजी, विजय हजारे आणि मुश्ताक अली या तिन्ही स्पर्धांत हॅटट्रिक असलेला तो पहिला गोलंदाज ठरला. मैदान डोक्यावर घेतलं गेलं. त्याचं पृथक्करण झालं ३९ धावांत ५ बळी. त्या षटकात दोनच धावा गेल्या होत्या, म्हणजे आधीच्या तीन षटकांत ३७ धावा आणि एकही बळी नाही. सरांनी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या. मार खाल्ल्यावरही शेवटच्या षटकात डोकं शाबूत ठेवून गोलंदाजी करणं हा गुण. सुरुवातीला महाग पडणं हा प्रश्न. दोन्हींची सरासरी काढली तर दोन्ही हातचं जातं.

अंतिम सामन्यात तामिळनाडूला शेवटच्या षटकात १३ धावा हव्या होत्या. चेंडू ऑफस्पिनर कृष्णप्पा गौतमच्या हातात. पहिल्या दोन चेंडूंवर रविचंद्रन अश्विननं दोन चौकार मारले. चार चेंडूंत पाच धावा हव्या, फलंदाज जमलेला, सामना संपल्यातच जमा. पुढच्या चार चेंडूंत गौतमनं तीन धावा दिल्या आणि कर्नाटकनं एका धावेनं करंडक जिंकला. प्रेक्षक धावा मोजत होते. सर चौकारांनंतरचा गौतम बघत होते: तो घाई करतो का, टप्पा बदलतो का, कर्णधाराकडे बघतो की स्वतः क्षेत्ररक्षण हलवतो.

एका डावावरून निकाल लावला तर काय होतं, याचं उदाहरण याच मैदानावर दोनच महिने आधी घडलं होतं. २४ सप्टेंबर २०१९ ला पंधरा वर्षांची शफाली वर्मा इथं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळली आणि शून्यावर बाद झाली. त्याच मालिकेत, याच मैदानावर, १ ऑक्टोबरला तिनं ३३ चेंडूंत ४६ धावा केल्या. निवड समितीनं तिला परत बघितलं म्हणून ते घडलं. २०२३ मध्ये मुंबईत महिलांच्या लीगचा पहिला लिलाव झाला तेव्हा दिल्लीनं तिच्यासाठी दोन कोटी मोजले, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिनं ८७ धावा करून सामनावीराचा मान मिळवला. आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडचंही तसंच. डिसेंबर २०१८ च्या लिलावात चेन्नईनं त्याला २० लाखांना घेतलं. पहिलं वर्ष बाकावर गेलं. २०२० मध्ये संधी मिळाली तेव्हा पहिल्या तीन डावांत ०, ५ आणि ०. चेन्नईनं त्याला पुन्हा उतरवलं आणि ओळीनं तीन अर्धशतकं आली. पुढच्या वर्षी ६३५ धावा काढून ऑरेंज कॅप त्याच्या डोक्यावर होती.

आता प्रत्येक फ्रँचायझीकडे देशांतर्गत सामन्यांचे व्हिडिओ आणि त्यांची चिरफाड करणारे विश्लेषक असतात. पॉवरप्लेमधला स्ट्राइक रेट, डावखुऱ्या फिरकीविरुद्धची सरासरी, यॉर्करचं प्रमाण, सगळं पडद्यावर हजर. सर या आकड्यांचे वैरी नाहीत. रात्री हॉटेलवर परतल्यावर ते विश्लेषकाशी फोनवर बोलत आणि आपली वही त्याच्या तक्त्याशी ताडून बघत. जिथं दोन्ही जुळत नाहीत, तोच खेळाडू दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचा.

मोजमापावर सगळ्यांत जास्त भर अमेरिकेत. तिथं कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना व्यावसायिक संघ ‘ड्राफ्ट’मधून घेतात. पैशाची बोली नसते. गेल्या मोसमात तळाला राहिलेला संघ आधी निवडतो, अशा सात फेऱ्या होतात. त्याआधी इंडियानापोलिस शहरात शेकडो मुलांची उंची, वजन, उडी आणि चाळीस यार्डांची धाव मोजली जाते. २००० साली टॉम ब्रेडी नावाचा मुलगा ती धाव ५.२८ सेकंदांत धावला, म्हणजे फारच हळू. सहाव्या फेरीत, १९८ जण निवडून झाल्यावर त्याचा नंबर लागला. त्यानं पुढे सात वेळा सुपर बोल, म्हणजे तिथल्या फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला. धाव मोजणारं घड्याळ बरोबरच होतं. फक्त गर्दीत, अंगावर येणाऱ्या माणसांसमोर निर्णय घेण्याची ताकद मोजायला ते बनवलेलंच नव्हतं.

आपल्याकडे ट्रायलचं तसंच होतं. फ्रँचायझी निवडक मुलांना बोलावतात, नेटमध्ये परिस्थिती देतात: बारा चेंडूंत तीस धावा हव्यात, मार. सर ट्रायल घेतात, पण तिला कांदेपोह्यांचा कार्यक्रम मानतात. तासाभरात सगळेच गुणी दिसतात. नेटमध्ये बाद झालं तरी पुढचा चेंडू मिळतो, सामन्यात मिळत नाही.

एवढं करूनही निवड फक्त गुणांवर होत नाही, आणि हे खेळाडूंच्या घरच्यांनी समजून घ्यायला हवं. संघात पंचवीसच जागा, त्यांत परदेशी जास्तीत जास्त आठ. दोन डावखुरे फिरकीपटू आधीच असतील तर तिसरा कितीही चांगला असो, त्याच्यासाठी पाटी वर जात नाही. २०१९ च्या त्या स्पर्धेत सर्वाधिक, २० बळी घेतले तामिळनाडूच्या साई किशोरनं, षटकामागे पाचपेक्षा कमी धावा देऊन. टी-ट्वेंटीत ही असामान्य कामगिरी. लिलावात तो मूळ किमतीला, २० लाखांना चेन्नईकडे गेला आणि दोन मोसम त्याला एकही सामना मिळाला नाही. २०२२ मध्ये गुजरात टायटन्सनं त्याला तीन कोटींना घेतलं आणि त्या वर्षीच्या विजेत्या संघातून तो अंतिम सामना खेळला. त्याच सुरतेच्या अंतिम सामन्यातल्या गौतमसाठी २०२१ च्या लिलावात चेन्नईनं सव्वानऊ कोटी मोजले आणि त्या मोसमात त्यालाही एकही सामना मिळाला नाही. एक २० लाखांचा, एक सव्वानऊ कोटींचा, दोघं एकाच बाकावर. किंमत त्या दिवशीची गरज सांगते. खेळाडूची लायकी तिच्यावरून ठरवू नये.

सुरतेला हे वेगळं सांगायची गरज नाही. हार्दिक पांड्या याच जिल्ह्यातल्या चोऱ्यासीत जन्मला. वडिलांनी सुरतेतला व्यवसाय आवरून मुलांसाठी वडोदरा गाठलं आणि दोघा भावांना किरण मोरे यांच्या अकादमीत घातलं. २०१५ मध्ये मुंबई इंडियन्सनं हार्दिकला १० लाखांना घेतलं. गुजरातचाच जसप्रीत बुमरा मार्च २०१३ मध्ये मुश्ताक अली स्पर्धेत महाराष्ट्राविरुद्ध आपला पहिला टी-ट्वेंटी सामना खेळला. मुंबईचे प्रशिक्षक जॉन राइट यांची नजर त्याच्यावर त्याच स्पर्धेत पडली आणि ४ एप्रिलला तो आयपीएलमध्ये बंगळूरुविरुद्ध गोलंदाजी करत होता. आखूड रनअप, ताठ हात, उशिरा सुटणारा चेंडू. एखाद्या पुस्तकी प्रशिक्षकानं ती शैली आधी ‘दुरुस्त’ केली असती. राइट यांनी ती फलंदाजाला किती अडचणीची आहे ते पाहिलं.

अंतिम सामन्यानंतर फाटकाजवळ एक गृहस्थ सरांना गाठून बोलले. उधन्यात लूमवर काम करणारे, मूळचे धुळ्याकडचे. सोबत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, खांद्यावर किटबॅग. “साहेब, पोराला कुठं दाखवू? एक जण म्हणतो, पैसे भरा, ट्रायलला थेट घालतो.”

सर थांबले. “दादा, पैसे देऊ नका. कुणालाच नाही. पोराला दाखवू नका, खेळवा. जिल्ह्याच्या स्पर्धेत, क्लबकडून, मिळेल त्या मैदानावर. लिलावाला नाव जातं ते राज्य संघटनेमार्फत, आणि तिथवर जायचा रस्ता सामन्यांतूनच जातो.” मग मुलाकडे वळून त्याला विचारलं, “शेवटच्या सामन्यात बाद कसा झालास?” मुलानं चेंडू, टप्पा, आपली चूक, सगळं नीट सांगितलं. सरांनी त्याच्या क्लबचं नाव लिहून घेतलं.

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली भागात खानदेशातून आलेली हजारो मराठी घरं आहेत, आणि त्यांतल्या कित्येक घरांत किटबॅग आहे. अशा आई-वडिलांना माझी एकच विनंती आहे. थेट निवडीचं आश्वासन देऊन पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका. तेच पैसे मुलाच्या बुटांवर, प्रवासावर आणि क्लबच्या वर्गणीवर खर्च करा. घरी आल्यावर किती धावा केल्यास हे विचारण्याआधी बाद कसा झालास आणि पुढच्या वेळी काय करशील हे विचारा. ज्याला याचं उत्तर देता येतं, तो पोरगा आज ना उद्या कुणाच्या तरी वहीत जातो.