एका हॉटस्पॉटवर तीन संगणक

भातकुलीतल्या त्या घरात मोबाइल खिडकीत ठेवला होता, कारण रेंज तिथेच मिळते. त्याच्या हॉटस्पॉटवर एक लॅपटॉप, आणि लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्सची दोन व्हर्च्युअल मशीनं चालू होती. अमरावतीला कॉम्प्युटर सायन्स शिकणाऱ्या घरच्या मुलानं दोन्ही मशीनचा आयपी ॲड्रेस काढला. दोन्हीकडून एकच उत्तर आलं: १०.०.२.१५.

"काका, दोघायचा नंबर एकच हाय, मंग हे भांडत कावून नाहीत?"

प्रश्न नेमका होता. एकाच नेटवर्कवर दोघांचा पत्ता सारखा निघाला तर गोंधळ व्हायलाच हवा. पण ही मशीनं एका नेटवर्कवर नसतातच. नवं मशीन तयार केलं की व्हर्च्युअलबॉक्स त्याला आपणहून नॅट (नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजे पत्ता बदलून पाठवणं) पद्धतीनं जोडतो आणि प्रत्येकापुढे स्वतंत्र आभासी राउटर उभा करतो. १०.०.२.२ हा त्या राउटरचा पत्ता. मशीनला वाटतं की आपल्याला खरंच नेटवर्क कार्ड आहे, केबल आहे. प्रत्यक्षात त्यानं पाठवलेलं प्रत्येक पॅकेट व्हर्च्युअलबॉक्स मध्येच घेतो, आतला मजकूर काढतो आणि होस्टच्या, म्हणजे लॅपटॉपच्या नावानं पुढे पाठवतो. मोबाइलला दिसतो तो फक्त लॅपटॉप.

भातकुली खारपाणपट्ट्यातली. विहिरीचं पाणी खारं, म्हणून पिण्याचं पाणी बाहेरून पाइपनं आणायचं आणि फाटे काढून घरोघरी द्यायचं. मी मुलाला हेच उदाहरण दिलं, आणि ते कुठे अपुरं पडतं तेही सांगितलं. पाणी एकाच दिशेनं वाहतं. कोणता थेंब कोणाच्या नळाला गेला याची कोणी नोंद ठेवत नाही. इथे मात्र ज्यानं मागितलं त्याच्याच हाती उत्तर पडलं पाहिजे. ही सगळी नोंद पोर्ट नंबरांवर चालते. बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी होस्टच्या वेगळ्या पोर्टवरून निघते, आणि त्या पोर्टवर आलेलं उत्तर बिनचूक त्याच मशीनकडे वळवलं जातं. मला या कामाचं सगळ्यात मोठं अप्रूप आहे ते याच हिशेबाचं.

मग त्यानं एका मशीनवर वेबसर्व्हर चालू केला आणि लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये १०.०.२.१५ टाकलं. पान उघडेना. आतून कोणी मागणीच केलेली नव्हती, तेव्हा नोंद नाही आणि वाटही नाही. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये होस्टचं ८०८० मशीनच्या ८० ला जोडलं, तेव्हा पान आलं. दोन मशीनं एकमेकांशी बोलायला हवी असतील तर 'नॅट नेटवर्क' हा वेगळा पर्याय निवडायचा.

नॅटऐवजी ब्रिज पद्धत निवडली तर मशीन थेट हॉटस्पॉटकडून स्वतःचा पत्ता घेतं. केबलवर हे सरळ होतं. वायफायवर अडचण अशी, की बहुतेक कार्डं दुसऱ्याच्या मॅक ॲड्रेसनं पॅकेट पाठवू देत नाहीत. तिथे व्हर्च्युअलबॉक्सला लॅपटॉपचाच मॅक ॲड्रेस लावून काम भागवावं लागतं.

नॅटची कल्पना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कागदावर आली. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ते जेमतेम ४२९ कोटी, ते पुरणार नाहीत हे तेव्हाच दिसत होतं. १९९४ मध्ये १० ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. भातकुलीतल्या त्या मशीनची मागणी पुढे मोबाइलवर पुन्हा नाव बदलते, आणि अनेकदा मोबाइल कंपनीकडे तिसऱ्यांदा. कंपन्यांच्या या कामासाठी १००.६४ पासूनचे पत्ते २०१२ मध्ये वेगळे काढले.

डेटा मात्र एकाच पॅकमधून जातो. त्यामुळे लिनक्सचे अपडेट एका मशीनवर उतरवून घ्यावेत आणि मग त्याचा क्लोन करावा.

वऱ्हाडातल्या कॉलेजांमधल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: नेटवर्किंगचं प्रात्यक्षिक लॅबच्या तासापुरतं ठेवू नका, मुलांना हे घरी करायला लावा. व्हर्च्युअलबॉक्स मोफत मिळतो, आणि आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोन हलकी लिनक्स मशीनं आरामात चालतात.