खोक्यावरचा उजेड, भिंतीवरचा उजेड

पाच-सहा हजार रुपयांच्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘10,000 ल्युमेन’ असं ठळक छापलेलं असतं. खरोखरचा दहा हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर मोठ्या सभागृहात बसवतात. तो उचलायला दोन माणसं लागतात आणि किंमत लाखांत जाते. नगरमधल्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये किंवा शेवगावकडच्या वस्तीवर आयपीएलसाठी मागवलेल्या जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रातून तेवढा उजेड निघणं शक्य नाही. तरी माणसं आकडा बघून घेतात, दुपारी मॅच लावतात आणि ‘यंत्र फॉल्टी निघालं’ म्हणून परत पाठवतात. बहुतेक वेळा यंत्र धड असतं. चुकीचा असतो तो आकडा, आणि त्याहून जास्त ती खोली.

‘ल्युमेन जास्त म्हणजे दिवसाही दिसणार’

खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा आतल्या एलईडीचा असतो, कधी तर निव्वळ जाहिरातीचा. पडद्यापर्यंत किती प्रकाश पोचतो हे सांगणारा आकडा वेगळा. त्याच्यापुढे ‘एएनएसआय ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ 21118’ असं लिहिलेलं असतं. एएनएसआय पद्धतीत पडद्यावरच्या नऊ ठिकाणी प्रकाश मोजून त्यावरून हिशेब काढतात. स्वस्तातल्या यंत्रांचा असा आकडा साधारण शंभर ते तीनशेच्या घरात असतो. तो छापलेलाच नसेल, तर तेवढ्यावरूनच काय ते समजावं.

हिशेब सोपा आहे. 100 इंची चित्र म्हणजे सुमारे 2.21 मीटर रुंद आणि 1.25 मीटर उंच, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. त्यावर 200 ल्युमेन पसरले की चौरस मीटरला सत्तरेक ल्युमेन येतात, म्हणजे सत्तरेक लक्स. हॉलमधली एक एलईडी ट्यूब भिंतीवर जवळपास तेवढाच उजेड टाकते, आणि दुपारच्या उघड्या खिडकीचा उजेड याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे चित्राची आणि ट्यूबची बरोबरी झाली. त्यातही प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. चित्रात जिथे काळं असतं तिथे तो प्रकाश टाकत नाही, एवढंच. भिंतीवर आधीच उजेड पडलेला असेल, तर नायकाचे केस राखाडी दिसणार.

तेच 200 ल्युमेन 60 इंचांवर आणले, तर क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस मीटर उरतं आणि उजेड 200 लक्सच्या आसपास जातो. छोटं चित्र ठेवा आणि खिडकीला जाड ब्लॅकआउट पडदा लावा. हजार-दोन हजारांच्या पडद्याने जो फरक पडतो, तो यंत्रावर आणखी दहा हजार घालूनही पडत नाही.

जत्रेत तंबू ठोकणारे टुरिंग टॉकीजवाले हे ओळखून होते. त्यांच्या यंत्रातला दिवा घरगुती यंत्रापेक्षा कितीतरी दांडगा असे, तरी पहिला खेळ बहुधा दिवस मावळल्यावरच सुरू होई, कारण कापडी तंबूत उन्हाला अडवता येत नाही. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. प्रोजेक्टर घेणाऱ्याने तो एकदा जरूर बघावा.

भिंतीचंही तसंच. पांढरा, चमक नसलेला रंग उत्तम. ऑइलपेंटच्या भिंतीवर मधोमध चकाकी येते. निळीचा हात दिलेल्या चुन्याच्या भिंतीवर चेहरे आजारी दिसतात. चादर टांगली तर बराच उजेड आरपार जातो, शिवाय पंख्याच्या वाऱ्याने पिच हलते ती वेगळीच. चादरीपेक्षा साधी पांढरी भिंत केव्हाही बरी.

‘4के सपोर्टेड म्हणजे 4के’

नाही. ‘सपोर्टेड’चा अर्थ इतकाच, की 4के चित्र आत घेतलं जातं. ते दाखवताना यंत्राच्या मूळ ठिपक्यांइतकंच बारीक होतं, आणि स्वस्त यंत्रात ते 1280 × 720 किंवा त्याहूनही कमी असतात. माहितीपत्रकात ‘नेटिव्ह’ या शब्दापुढचा आकडा वाचा, बाकीचे सोडून द्या. नेटफ्लिक्ससारखी काही ॲप कंपनीची मान्यता नसलेल्या यंत्रावर चालतच नाहीत किंवा अंधूक दर्जात चालतात, हेही आधी विचारून घ्यावं.

‘कुठेही ठेवा, बटणाने सरळ होतं’

प्रत्येक प्रोजेक्टरचं अंतराचं एक गुणोत्तर असतं, त्याला थ्रो रेशो म्हणतात. भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. ते 1.4 असेल तर 100 इंची चित्रासाठी लेन्स भिंतीपासून 3.1 मीटरवर हवी. दहा फुटी खोलीत मागे यंत्रासाठी फूटभर जागा सोडली, की चित्र सुमारे 88 इंचांवर थांबतं. हे गणित खरेदीआधी टेप घेऊन करायचं. बरेच जण ते भिंतीत खिळे ठोकून झाल्यावर करतात.

यंत्र तिरकं ठेवून ‘कीस्टोन’च्या बटणाने चित्र चौकोनी करता येतं, पण ते सरळ करताना कडेचे ठिपके वापरातून जातात, अक्षरं पुसट होतात आणि उजेडही घटतो. यंत्र पडद्याच्या मध्यासमोर, समपातळीत ठेवणं हाच खरा उपाय. कीस्टोन शेवटच्या बोटभर दुरुस्तीपुरता.

टांगायचं असेल तर स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकून टांगा. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये स्क्रू पिळून लटकवलेलं तीन-चार किलोचं यंत्र आज ना उद्या कोणाच्या तरी डोक्यावर येतं. ब्रॅकेटशिवाय एक वेगळी तारही स्लॅबला बांधून ठेवावी.

पत्र्याच्या घरात आणखी एक अडचण आहे. बऱ्याच यंत्रांची पुस्तिका 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते, काहींची 40 पर्यंत. नगरमध्ये एप्रिल-मे महिन्यात बाहेरच 40 अंश होतात आणि गरम हवा पत्र्याखाली साठते. तिथे टांगलेलं यंत्र अर्ध्या तासात स्वतःहून बंद पडलं, तर तो बिघाड नाही. आत बसवलेली सुरक्षाच काम करत असते. उन्हाळ्यात यंत्र खाली टेबलावर घ्या, चहूबाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडा आणि गादीवर किंवा उशीवर ते कधीच ठेवू नका. हवा घेण्याची जाळी बहुधा तळाशी किंवा कडेला असते, ती कापडाने बुजते.

मेनूमधला ‘हाय अल्टिट्यूड’ मोड पुष्कळ जण ‘जास्त थंड राहील’ म्हणून चालू ठेवतात. तो साधारण 1500 मीटरवरच्या विरळ हवेसाठी आहे. नगर जिल्ह्यात तेवढी उंची कळसूबाईसारख्या (1646 मीटर) मोजक्या शिखरांनाच. नगर शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. इथे त्या मोडमुळे पंख्याचा आवाज तेवढा वाढतो.

‘बिल वाढेल’ आणि विजेच्या इतर गोष्टी

बिलाची भीती अवाजवी आहे. 100 वॅटचं एलईडी यंत्र रोज तीन तास चाललं तर महिन्याला 9 युनिट, 300 वॅटचं दिव्याचं यंत्र असेल तर 27. काळजी करायची ती वायरिंगची, आणि तिकडे मात्र फारसं कोणी बघत नाही.

यंत्राच्या धातूच्या भागाला किंवा एचडीएमआयच्या टोकाला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. ‘एवढं चालायचंच’ असं म्हणून ती सोडून देतात. चालायचं नाही. याचा बहुधा अर्थ असा, की तीन पिनांच्या सॉकेटमधल्या वरच्या भोकाला अर्थिंग जोडलेलंच नाही किंवा ते निकामी झालंय. जुन्या वाड्यांतून आणि वस्त्यांवरच्या घरांतून ही स्थिती सर्रास दिसते. प्लगची तिसरी पिन तोडून तो दोन पिनांच्या बोर्डात घालणं म्हणजे उरलीसुरली सुरक्षा काढून टाकणं. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिॲम्पियरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं स्विच, बसवा. ती यंत्रासाठी नाही, घरातल्या माणसांसाठी. अर्थिंग नसलेल्या घरात यंत्रं चालू ठेवून एचडीएमआयची वायर काढली-घातली, तर पोर्टही जळू शकतं.

स्टॅबिलायझर लावला की विजेपासून संरक्षण झालं, हाही गैरसमजच. स्टॅबिलायझर कमी-जास्त व्होल्टेज सांभाळतो. मे महिन्यातल्या वळवात पडणारी वीज तो अडवू शकत नाही. त्यातून तडाखा डिश अँटेनाच्या केबलमधूनही येतो. ढग गडगडायला लागले की प्लगबरोबर सेटटॉप बॉक्सची वायरही काढून ठेवायची.

इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालतो, पण साइन वेव्ह इन्व्हर्टर हवा, आणि त्याचं मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर असावं, म्हणजे लाइट जाताना यंत्र बंद-चालू होत नाही. दिव्याच्या जुन्या यंत्रांसाठी हे फारच महत्त्वाचं. बंद केल्यावरही त्यांचा पंखा मिनिटभर फिरून तापलेला दिवा निववत असतो. लाइट गेली की पंखाही थांबतो आणि आतली उष्णता आतच राहते. काही नव्या यंत्रांना ही वाट बघावी लागत नाही, ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

‘झाकून ठेवतो, धूळ कशाने जाईल?’

धूळ जाते ती यंत्र चालू असताना, कारण पंखा हवा आत ओढतो. पारनेर, कर्जत, जामखेडकडची उन्हाळी धूळ वेगळी सांगायला नको. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या आसपास गच्चीवर काळी राख पडते, तीही हवेबरोबर आत शिरते. हंगामात जाळी दर महिन्याला मऊ ब्रशने झाडावी. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे कण लेन्सवर बसतात. कागदी फिल्टर धुऊ नये. स्वस्त यंत्रांत आतला भाग बंदिस्त नसतो, म्हणून तिथे धुळीचा कण बसला की पडद्यावर फुगलेला पुसट ठिपका दिसतो. लेन्स कितीही पुसली तरी तो जात नाही.

आणि देवघर हॉलमध्येच असेल, तर प्रोजेक्टर उदबत्तीच्या रेषेत ठेवू नका. तो धूर आणि फोडणीची तेलकट वाफ जाळीतून आरपार जाते.

‘परावर्तित प्रकाश, त्यामुळे डोळ्यांना धोका नाही’

भिंतीवरून परत येणारा प्रकाश निरुपद्रवी आहे, हे खरं. मोठं चित्र लांबून पाहिलं की मोबाइलपेक्षा डोळ्यांवर ताण कमी येतो, हेही खरं. पण सलग तीन तास पापणी न मिटवता पाहिलं, तर डोळे कोरडे पडणारच, मग पडदा कोणताही असो.

धोका आहे तो लेन्समध्ये थेट पाहण्यात. घरगुती लेझर आणि दिव्याच्या यंत्रांवर बहुधा ‘आरजी 2’ (रिस्क ग्रुप 2) असा शेरा असतो. चुकून नजर गेली तर डोळे आपोआप मिटतात आणि तेवढ्याने बचाव होतो. टक लावून पाहिलं तर होत नाही. अंधारात बाहुली मोठी झालेली असते, आणि लहान मुलं ‘आत काय आहे’ म्हणून मुद्दाम जवळ जाऊन बघतात. यंत्र मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, जाण्यायेण्याच्या वाटेत ठेवू नये. भिंतीला चिकटून ठेवायच्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो यंत्राची लेन्स वर तोंड करून असते. त्यावर वाकून रिमोट शोधणारं पोर घरात असेल, तर ते यंत्र तुमच्यासाठी नाही.

‘सेकंडहँड घेतला तर फायदाच’

कधी असतो, कधी नसतो. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यानंतर अनेक जिल्हा परिषद शाळांचे वर्ग गावकऱ्यांच्या वर्गणीतून डिजिटल झाले. तिथल्या शिक्षकांना विचारा, प्रोजेक्टर भिंतीवर तसाच राहतो आणि अडतं ते दिव्यापाशी. जुन्या यंत्रातला दिवा तीन ते पाच हजार तासांचा. तेवढ्या तासांत त्याचा उजेड निम्म्यावर येतो, आणि नव्या अस्सल दिव्याची किंमत कधीकधी सेकंडहँड यंत्राइतकीच निघते. एलईडी आणि लेझरचं आयुष्य वीस हजार तास किंवा त्याहून जास्त सांगतात. मेनूत दिव्याचे तास दिसतात, पण ते शून्यावरही आणता येतात. म्हणून विकणाऱ्याला खोलीत ट्यूब लावून यंत्र अर्धा तास चालवून दाखवायला सांगा.

या दिव्यात पारा असतो आणि चालू असताना आतला दाब हवेच्या दाबाच्या दोनशे पटींच्या आसपास जातो. मुदत संपल्यावरही तोच वापरत राहिलं, तर तो फुटू शकतो. फुटलाच तर प्लग काढा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या आणि व्हॅक्यूम क्लीनर न वापरता हातमोजे घालून ओल्या कागदाने तुकडे गोळा करा. संपलेला दिवा घंटागाडीत टाकायचा नसतो, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा.

‘आपलंच सबस्क्रिप्शन, मंडपात लावलं तर काय बिघडलं?’

ओटीटीची वर्गणी घरच्या माणसांपुरती असते. गणपतीच्या मंडपात किंवा सोसायटीच्या पटांगणात सिनेमा लावणं हे कायद्याने सार्वजनिक प्रदर्शन ठरतं, तिकीट नसलं तरी, आणि त्याला हक्कधारकाची परवानगी लागते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाचा नियमही आहेच. विजेसाठी तारेवर आकडा टाकायचं कारण नाही, कारण महावितरण गणेश मंडळांना घरगुती दराने तात्पुरती जोडणी देतं. तिच्यासाठीचा अर्ज मंडप उभा राहायच्या आधीच द्या.