सॅम सेल्वनचं बोलीतलं लंडन

वॉटर्लू स्टेशनवर बोट-ट्रेन येऊन थांबते आणि त्रिनिदादचा एक तरुण खाली उतरतो. दिवस कडाक्याच्या थंडीचे, आणि याच्या अंगावर उष्ण प्रदेशातला पातळ सूट. ओव्हरकोट नाही, सामानही नाही. बोलायला लागलं की तोंडातून वाफ निघते, तिचंच त्याला नवल वाटतं. त्याला न्यायला आलेला मोझेस लंडनमध्ये दहा वर्षं काढून मुरलेला. तो या पोराकडे बघतच राहतो आणि उभ्या उभ्या त्याचं बारसं करून टाकतो: सर गॅलाहॅड.

सॅम्युएल सेल्वनची 'द लोनली लंडनर्स' ही १९५६ सालची कादंबरी अशी सुरू होते. पुस्तक लहानसं आहे. पण कादंबरीची भाषा नेमकं काय करू शकते, हे मला इतक्या लख्खपणे क्वचितच कुठे दिसलं आहे.

सेल्वनचा जन्म २० मे १९२३ चा, त्रिनिदादमधल्या सॅन फर्नांडो गावचा. वडील मद्रासकडचे, आई अर्धी भारतीय आणि अर्धी स्कॉटिश. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी करारावर नेलेल्या भारतीयांचं पहिलं जहाज त्रिनिदादला लागलं १८४५ साली, आणि ती पद्धत १९१७ पर्यंत चालली. त्या काळात दीड लाखाच्या आसपास माणसं तिथे पोचली. सेल्वन मात्र मळ्यावर वाढला नाही. तो गावात वाढला, आफ्रिकी, चिनी, युरोपीय वंशाच्या शेजाऱ्यांत. हिंदी त्याला आली नाही. कानावर पडली ती कॅलिप्सोची गाणी आणि रस्त्यावरची इंग्रजी. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. महायुद्धात तो नौदलाच्या राखीव दलात वायरलेस ऑपरेटर होता. दुसऱ्याचा आवाज टिपायची ही नोकरी त्याच्या वाट्याला यावी, हा योगायोग मला फार आवडतो. पुढे 'त्रिनिदाद गार्डियन'मध्ये पत्रकारी केली आणि १९५० मध्ये त्यानं इंग्लंडची बोट धरली.

त्याच बोटीवर बार्बाडोसचा जॉर्ज लॅमिंग होता. दोघेही तरुण, दोघांनाही कादंबरीकार व्हायचं होतं, आणि टाइपरायटर दोघांत एक. त्यावरून त्यांची ओढाताण व्हायची. गंमत अशी की त्या ओढाताणीतून दोन्हीकडे पीक आलं. सेल्वनची पहिली कादंबरी 'अ ब्रायटर सन' १९५२ मध्ये निघाली आणि लॅमिंगची 'इन द कॅसल ऑफ माय स्किन' १९५३ मध्ये.

'अ ब्रायटर सन'मध्ये टायगर आणि ऊर्मिला हे कोवळं जोडपं आहे. सोळा वर्षांच्या टायगरचं लग्न घरच्यांनी लावून दिलंय. ऊसपट्ट्यातलं चगुआनास सोडून दोघं बारातारियात येतात. शेजारी ज्यो आणि रीटा हे आफ्रिकी वंशाचे. युद्धामुळे अमेरिकी सैन्य आलेलं आहे, नवा महामार्ग होतोय, आणि टायगर अक्षरं गिरवतोय. या पुस्तकात पात्रं बोलीत बोलतात, निवेदन मात्र शुद्ध इंग्रजीत आहे. आपल्या वाचकाला ही सोय नवी नाही. संवाद गावाकडचे, निवेदन पुण्याकडचं, असं मराठी कथेतही किती काळ चाललं.

लंडनवरची कादंबरी लिहायला घेतली तेव्हाही सेल्वननं हीच वाट धरली होती. पण लिखाण पुढे सरकेना. पात्रं जिवंत, पण निवेदकानं तोंड उघडलं की सगळं थिजायचं. मग त्यानं निवेदनही बोलीत घेतलं आणि कादंबरी धावायला लागली. साधारण सहा महिन्यांत लिहून झाली, असं त्यानं नंतर मुलाखतींत सांगितलंय.

म्हणजे नेमकं काय बदललं? मराठीत करून बघा. 'त्याचे दोन महिन्यांचे भाडे थकले होते व तो चिंताग्रस्त होता.' हे वाक्य लिहिणारा खुर्चीत बसलाय आणि तो माणूस दूर कुठेतरी आहे. आता असं म्हणा: 'दोन महिने भाडं नाही, खिशात दमडी नाही, पोरगा म्हणतोय आता जायचं कुठं.' सांगणारा त्याच्याच खोलीत, त्याच्याच खाटेवर येऊन बसला. माहिती तीच, पण आता सांगणारा वरचा आणि ज्याच्याविषयी सांगायचं तो खालचा, असं राहिलं नाही. सेल्वननं पानापानावर हे केलंय. त्याच्या वाक्यांत क्रियापदाचा भूतकाळ गळून पडतो, कर्ता कधी असतो, कधी नसतो, आणि लय कॅलिप्सोची. ही त्रिनिदादच्या बोलीची हुबेहूब नक्कलही नाही. परक्या वाचकालाही कळावी म्हणून त्यानं ती घासूनपुसून घेतली. सहज वाटते, पण ती घडवलेली भाषा आहे.

आणि ही भाषा लंडनलाच बदलून टाकते. बेजवॉटरचं नुसतं 'द वॉटर' होतं, लॅडब्रोक ग्रोव्हचं 'द ग्रोव्ह', नॉटिंग हिल गेटचं 'द गेट'. ज्या शहरात घरमालक या कॅरिबियन स्थलांतरितांना बघून दार लावून घेतात, त्या शहराला ही पोरं घरच्या नावानं हाक मारतात.

यातली टँटी तर डोळ्यांपुढून हलत नाही. जमैकाहून भाच्याच्या मागोमाग आलेली ही म्हातारी हॅरो रोडच्या दुकानात जाते. दुकानदाराला उधारी माहीत नाही. उधार देणारा भिकेला लागतो, असं चित्रच त्यानं टांगलेलं. टँटी सामान घेते आणि शुक्रवारी पैसे देईन म्हणून सांगून निघते. मग हळूहळू त्या वस्तीत खातं मांडायची रीत पडून जाते. एका म्हातारीनं लंडनच्या वाण्याला वही घालायला लावली!

भूकही या पुस्तकात तितक्याच जवळून येते. कामं मिळत नाहीत अशा एका हिवाळ्यात गॅलाहॅड बागेतलं कबूतर पकडतो. कुत्रं फिरवणारी एक बाई ते बघते आणि आरडाओरडा करते; पक्ष्यासाठी तिचा जीव तुटतो, उपाशी माणूस तिला दिसत नाही. गॅलाहॅड ते मोझेसच्या खोलीवर नेतो आणि दोघं भाताबरोबर खातात. दर रविवारी सकाळी सगळे याच खोलीत जमतात, कबुलीजबाबाला चर्चमध्ये जावं तसे. कोणी खाटेवर, कोणी जमिनीवर. एकमेकांना विचारतात, काय चाललंय, आणि उत्तर कोणाकडेच नसतं. मधेच उन्हाळ्याचं वर्णन येतं: दहाएक पानांचं एकच वाक्य, त्यात एकही विराम नाही. थंडीत आखडलेलं अंग ऊन लागल्यावर सैल सुटावं, तसं ते वाक्य सुटतं.

हे सगळं लिहिताना पोट कसं भरत होतं? बीबीसीच्या 'कॅरिबियन व्हॉइसेस' या रेडिओ कार्यक्रमात कथा वाचल्या जायच्या, त्याचे पैसे मिळायचे. काही काळ लंडनच्या भारतीय वकिलातीत त्यानं कारकुनी केली. ज्या देशाची भाषा त्याला येत नव्हती, त्याच देशाच्या कचेरीत. पुढे १९७५ च्या 'मोझेस असेंडिंग'मध्ये तोच मोझेस घरमालक होतो आणि एक गोरा माणूस त्याचा हरकाम्या. दिग्दर्शक होरेस ओव्हेबरोबर सेल्वननं 'प्रेशर' चित्रपटाची पटकथा लिहिली. कृष्णवर्णीय दिग्दर्शकानं केलेला ब्रिटनमधला तो पहिला पूर्ण लांबीचा कथापट.

१९७८ मध्ये तो कॅनडात कॅलगरीला गेला. तिथल्या साहित्यविश्वानं त्याची फारशी दखल घेतली नाही. शिकवण्याची नोकरी संपल्यावर काही महिने त्यानं कॅलगरी विद्यापीठात सफाई कामगाराचं काम केलं. नंतर त्याच विद्यापीठानं त्याला निवासी लेखक म्हणून नेमलं. हे वाचताना मला संताप येतो. ज्यानं एका शहराला नवी वाणी दिली, त्याच्या हाती दुसऱ्या शहरात झाडू आला.

१६ एप्रिल १९९४ रोजी त्रिनिदादच्या पियार्को विमानतळावर, कॅनडाला परत निघालेला असताना, फुप्फुसांच्या आजारानं तो गेला. वय सत्तर.

'द लोनली लंडनर्स' आजही सहज मिळते. इंग्रजी जेमतेम येत असेल तरी घ्या, आणि पहिली दहा पानं मोठ्यानं वाचा. क्रियापद अडखळल्यासारखं वाटेल. ती छपाईची चूक नाही. तिसऱ्या-चौथ्या पानावर कानाला सवय होते.