उपदंशावरील पर्यायी औषधाचा शोध

बोलीभाषेत ज्याला ‘गरमी’ म्हणतात तो उपदंश लैंगिक संबंधातून पसरतो. परंतु त्याचा सर्वात मोठा आघात होतो तो गर्भातील बालकावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे ११ लाख गर्भवती स्त्रियांना हा रोग होता. त्यामुळे मृत जन्म, नवजात बालकांचे मृत्यू, जन्मजात उपदंश अशा ३ लाख ९० हजारांहून अधिक आपत्ती ओढवल्या.

या रोगावर रामबाण औषध नाही असे मात्र नव्हे. पूर्वी पारा आणि पॉल एर्लिख यांचे सोमलयुक्त सॅल्व्हरसान यांवरच भिस्त होती. १९४३ साली अमेरिकेत जॉन महोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांवर पेनिसिलिनचा यशस्वी प्रयोग केला. पुढे पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यामुळे पेनिसिलिन आपल्या देशातही तयार होऊ लागले. परम्याचे जंतू एकामागून एक औषधांना दाद देईनासे झाले. उपदंशाचा जंतू मात्र आठ दशकांनंतरही पेनिसिलिनपुढे टिकत नाही. रोग नवा असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटांचे एक इंजेक्शन पुरते.

मग पर्याय हवा कशाला? औषध स्वस्त, नफा अल्प, म्हणून उत्पादक मोजकेच. परिणामी त्याचा वारंवार तुटवडा पडतो. २०२३ साली अमेरिकेसारख्या संपन्न देशालाही तो जाणवला. शिवाय काही रुग्णांना पेनिसिलिनचे वावडे असते.

इतर रुग्णांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चौदा दिवस देता येतात. परंतु गर्भाच्या दातांवर व हाडांवर परिणाम होण्याचा धोका असल्याने त्या गर्भवतीस देत नाहीत. अ‍ॅझिथ्रोमायसिनकडून मोठी आशा होती. पण त्याला न जुमानणारे जंतू अनेक देशांत आढळले, आणि ते वारेतून गर्भापर्यंत पुरेसे पोहोचतही नाही. केवळ माता बरी होऊन भागत नाही. औषध बालकापर्यंत गेले पाहिजे. खरी अडचण येथेच आहे.

संशोधनही संथ चालते. मळसूत्राच्या आकाराचा हा जंतू प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढविणे २०१८ पर्यंत साधले नव्हते. तोवर सशांवरच विसंबावे लागे. रोग गेला की नाही हे ठरविण्यासाठी रक्ततपासणी कित्येक महिने करावी लागते. आणि सावधगिरी म्हणून गर्भवतींना चाचण्यांतून वगळले जाते. ही सावधगिरी समजण्यासारखी असली तरी जिला पर्यायाची सर्वाधिक गरज, तिच्याविषयीचीच माहिती त्यामुळे अपुरी राहते.

सध्या सेफिक्सिम या तोंडाने घ्यावयाच्या औषधाकडे लक्ष लागले आहे. अमेरिकेतील ५८ रुग्णांच्या एका लहान चाचणीत दहा दिवसांच्या या उपचाराचे परिणाम उत्साहवर्धक आढळले. मात्र तेवढ्यावरून निर्णय करता येत नाही. स्पेनमधील चाचणीत लिनेझोलिडचा पाच दिवसांचा उपचार पेनिसिलिनहून उणा ठरला. त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. शिवाय गोळ्या हाती दिल्या म्हणजे त्या दहाही दिवस पोटात गेल्या असे नव्हे!

तूर्त वावडे असलेल्या गर्भवतीस रुग्णालयात ठेवून, पेनिसिलिनची अत्यल्प मात्रा क्रमाने वाढवीत ते शरीराला सोसेल असे करतात आणि मग तेच औषध देतात. प्रसूतीच्या किमान चार आठवडे आधी उपचार झाला तर बालक वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणूनच गरोदरपणाची नोंदणी होताच रक्ततपासणी करून घ्यावयाची असते, आणि दोष आढळल्यास पतीचीही.