सावलीतला वाफा मे महिन्यावरून ठरवा

परसबाग विदर्भाची : लेखांक ९

गेल्या आठवड्यात उन्हातल्या वाफ्यांबद्दल लिहिले होते. आज वळू या घराच्या दुर्लक्षित बाजूकडे. नागपूरच्या कोणत्याही ले-आऊटमध्ये घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये तीन-चार फुटांची एक पट्टी सुटलेली असते. फुटक्या कुंड्या, कूलरचे स्टँड, उरलेल्या फरश्या यांचा तिथे मुक्काम. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांत अशी जागा कडुनिंबाखाली किंवा आंब्याखाली असते. ‘तिथं ऊनच येत नाही, काही लागणार नाही,’ असे म्हणून माळीही ती सोडून देतो. माझे मत याच्या नेमके उलटे आहे. नागपुरात बारा महिने बघत राहावे असा वाफा करायचा असेल तर तो सावलीतच करावा. एप्रिल संपता संपता उघड्यावरची बाग करपू लागते, तेव्हा डोळ्यांना हिरवे मिळते ते इथेच.

मात्र रोपांची निवड पुस्तकातल्या यादीवरून करू नका. इंग्रजी पुस्तकांत सावलीसाठी होस्टा आणि हेलेबोर यांची नावे हमखास येतात. थंडीत गारठून विश्रांती घेतल्याशिवाय त्यांचे चालत नाही, आणि तो गारठा इथे नाही. पुण्याच्या किंवा कोकणातल्या बागेचीही नक्कल करून भागत नाही. कोकणात विहिरीच्या कठड्यावर आपोआप उगवणारे नेचे नागपूरच्या कोरड्या हवेत आठवडाभरात कुरकुरीत होतात.

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. म्हणजे हा आकडा सावलीतलाच आहे. सावली रोपाला उन्हाच्या माऱ्यापासून वाचवते. तापलेल्या कोरड्या वाऱ्यापासून नाही. मे महिन्यात सावलीतले रोप मरते ते बहुतेक वेळा हवेने. मुळे पाणी ओढतात त्याहून वेगाने पानांतून पाणी उडून जाते, आणि आधी पानांच्या कडा वाळतात. म्हणून रोप घेताना पहिला प्रश्न ‘याला फूल कधी येते’ हा नको. ‘हे नवतप्यात उभे राहील का’ हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट सावलीच्या जातीची. भिंतीची सावली फसवी असते. नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, म्हणजे पाच फुटांच्या भिंतीची सावली पाच फूट पडते. दक्षिणेकडच्या भिंतीच्या आतली पट्टी त्यामुळे अख्खा हिवाळा थंडगार राहते, आणि आपण समजतो की जागा सावलीची आहे. पण २६ मेच्या सुमारास सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस. नवतपाही त्याच सुमारास, २५ मेच्या आसपास सुरू होतो. उन्हाचा कडाका सर्वाधिक असतो नेमकी त्याच दिवसांत भिंत पायाशीसुद्धा सावली देत नाही. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. घराच्या उत्तरेच्या पट्टीवर हिवाळ्यात ऊन फिरकत नाही, तिथेही या काळात सकाळ-संध्याकाळ ते येऊन जाते. म्हणून भिंतीलगतच्या वाफ्यावर एप्रिल ते जून हिरवी शेडनेट ताणावीच लागते.

झाडाची सावली भरवशाची, पण झाडही बघून घ्यावे. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो आणि एप्रिलमध्ये नव्या पालवीने भरून येतो. करंजही भर उन्हाळ्याआधीच दाट होतो. गुलमोहर मात्र ऐन तापायच्या दिवसांत उघडा असतो, त्याच्याखाली सावलीची रोपे लावून उपयोग नाही.

आता रोपे. वाफ्याचा कणा अशा रोपांचा हवा की जी कोणत्याही महिन्यात पडत नाहीत. माझ्या मते या कामाला स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, रोहियो, अस्पिडिस्ट्रा आणि रॅपिस पाम ही मंडळी खात्रीची. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला, झेडझेड पूर्व आफ्रिकेतला. एक जाड पानांत पाणी साठवतो, दुसरा जमिनीतल्या बटाट्यासारख्या गाठींत. अस्पिडिस्ट्राची रुंद, गडद पाने सावकाश वाढतात पण हटत नाहीत. रोहियोचे पान वरून हिरवे, खालून जांभळे, त्यामुळे फूल नसतानाही वाफ्याला रंग राहतो. कडेला स्पायडर प्लांट लावा, मात्र खारे पाणी लागले की त्याची टोके तपकिरी पडतात हे ध्यानात ठेवा. अग्लोनेमा, सिंगोनियम, पीस लिली सुंदर दिसतात, पण त्यांना घराच्या अगदी आडोशाचा, वारा न लागणारा कोपरा द्यावा. डिफेनबाकियाचा चीक तोंडाला लागला तर आग होते आणि सूज येते. लहान मुले किंवा कुत्रे असलेल्या घरात तो नकोच.

मागच्या बाजूला उंची हवी असेल तर कामिनी आणि अडुळसा. कामिनीला सावलीत फुले कमी येतात, पण पावसाची सर पडून गेली की काही दिवसांत जी काही येतात त्यांचा वास अंगणभर जातो. अडुळशाला जनावरे तोंड लावत नाहीत, त्यामुळे फाटक उघडे राहणाऱ्या घरांना तो सोयीचा. थंडीत पांढरी फुलेही देतो.

फुलांसाठी एकच झुडूप निवडायचे म्हटले तर मी अबोली निवडेन. दिवसातून दोन-तीन तासांचे कोवळे ऊन तिला पुरते आणि कडाक्याच्या थंडीचे काही आठवडे सोडले तर ती जवळपास वर्षभर फुलते. तिचे वाळलेले तुरे मात्र सगळे कापून टाकू नका. उन्हाळ्यात तपकिरी झालेली बोंडे पहिल्या पावसाची वाट बघत तशीच बसतात. पाणी लागले की ती एकेक करून तडतडतात, दोन फाकी झटक्यात उघडतात आणि चपटे बी लांबवर उडते. तांब्याभर पाणी शिंपडूनही हे बघता येते. मुलांना जरूर दाखवा. पुढे महिन्याभरात आसपास रोपांची दाटी होते, ती उपटून हव्या त्या जागी लावता येतात.

विदर्भातल्या सावलीची खरी श्रीमंती मात्र कंदांत आहे. पेंच किंवा रामटेककडच्या सागाच्या जंगलात मे महिन्यात जमिनीवर पाचोळ्याशिवाय काही दिसत नाही. पाऊस सुरू झाला की त्याच जमिनीतून काळी मुसळी, रानहळद वर येते. झाडाखालच्या वाफ्यात हाच क्रम आणता येतो. भुईचाफा उन्हाळ्यात, एकही पान नसताना, थेट मातीतून फूल काढतो. पांढऱ्या पाकळ्या, खालच्या ओठावर जांभळी छटा आणि मंद वास. वाकून बघितल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणून तो पायवाटेच्या कडेला लावा. पाने येतात ती पावसाळ्यात. मे फ्लॉवर म्हणून नर्सरीत मिळणारी कांद्याची लिली मेअखेरीस लाल चेंडू उभा करते, आणि तेव्हा बागेत दुसरे फारसे काही फुललेले नसते. पावसाळा ओसरताना पेव आपल्या गोल जिन्यासारख्या खोडावर पांढरी फुले धरतो. फुले गेल्यावर लाल कणीस बरेच दिवस टिकते. सोनटक्क्याला ओल हवी, तेव्हा त्याला नळाजवळची जागा द्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर संध्याकाळी तो दरवळतो.

हे कंद हिवाळ्यात पाने टाकून झोपी जातात. रोप मेले समजून नवा माळी ती जागा खणतो आणि कुदळीने कंद फोडतो. प्रत्येक कंदाजवळ बांबूची काडी रोवून ठेवा. त्यांच्या मधे स्पायडर प्लांट किंवा रोहियो असू द्या, म्हणजे उघडी माती दिसत नाही. झोपलेल्या कंदांना रोज पाणी नको, ते सडतात. आणि एक कळकळीची विनंती : हे कंद जंगलातून खणून आणू नका. रानातली सफेद मुसळी औषधासाठी ओरबाडली गेली, आता ती अनेक ठिकाणी सहज सापडत नाही. नर्सरीतून घ्या, किंवा शेजाऱ्याच्या वाफ्यातला वाढलेला गड्डा मागून घ्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सावलीच्या वाफ्याचा मंदावलेला काळ. तेव्हा कोरांटी आणि एरँथेमम उपयोगी पडतात. एरँथेममची सह्याद्रीतली जात आपल्याकडे दशमुळी म्हणून ओळखली जाते. हिवाळ्यात येणारी त्याची निळसर-जांभळी फुले गर्द पानांवर फार उठून दिसतात, आणि बागेत निळा रंग तसाही दुर्मीळ.

मातीबद्दल थोडक्यात. आपली काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कंदांसाठी सहा-आठ इंच उंच गादीवाफा करा, त्यात शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि भाताचे तूस मिसळा. झाडाखाली खणताना बोटापेक्षा जाड मुळी लागली तर खड्डा सरकवा, मुळी तोडू नका. झाडाच्या बुंध्याशी मातीचा ढीगही करू नका, साल कुजते. कडुनिंबाची गळलेली पाने जाळण्याऐवजी वाफ्यावर दोन-तीन इंच पसरा; मे महिन्यात ओल टिकवणारे याहून स्वस्त आच्छादन नाही. कूलरच्या टाकीतले तळाचे पाणी वाफ्यात ओतण्याची सवय मात्र सोडा. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. बोअरवेलच्या पाण्यावर कूलर चालत असेल तर हे पाणी हमखास खारे असते.

मृग लागायला आता थोडेच दिवस उरले आहेत आणि नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर पोचतो. तेवढ्यात एक काम करा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता त्या पट्टीवर ऊन कुठवर येते ते खडूने आखून ठेवा. बाराच्या रेषेच्या आत जे येईल तिथे या आठवड्यात काहीही लावू नका. कंद आणि अबोली तिथे पहिला दमदार पाऊस झाल्यावरच लावा. पुढच्या लेखांकात गच्चीवरच्या कुंड्या.