ठोकळे, कोडी आणि थोड्या गप्पा

दोस्तांनो, समजा तुमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला गोष्ट सांगायला उभं करा, सगळा वर्ग कान टवकारून ऐकेल. पण तीच गोष्ट वहीत लिहायची म्हटली की 'ब'चा 'व' होतो, काना-मात्रा गळतात, घंटा झाली तरी पान अर्धंच! शाळेत म्हणतात आळशी. घरी म्हणतात, "याले अभ्यासच नको." एक दिवस कोणीतरी सुचवतं, मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी करून घ्या. झालं! घरात कुजबुज सुरू, "आपलं पोट्टं काय वेडं आहे काय?"

वेडबिड काही नसतं हो. गाडी नेमकी कुठं अडते, ते शोधायचं असतं.

आधी डोळे आणि कान तपासले आहेत ना, ते विचारतात. नीट दिसत नसलं तर फळा कसा वाचणार? मग आई-बाबांशी बोलणं, शाळेच्या वह्या चाळणं. मग तुमची पाळी. रंगीत ठोकळे जुळवून नक्षी करा. चित्रात काय राहून गेलंय ते ओळखा. मी आकडे म्हणतो, तुम्ही उलटे म्हणा : ७-२-९. (करून बघा, मग पाच आकडे घेऊन बघा!) वाचन, लेखन, गणित वेगळं तपासतात. याला दोन-तीन बैठकाही लागतात. अभ्यास करून जायचं नाही, आणि नापास तर कोणीच होत नाही.

ही कल्पना पॅरिसची. शाळेत ज्यांना जास्त मदत लागेल अशी मुलं ओळखता यावीत म्हणून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली पहिली चाचणी तयार केली. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे मात्र बिनेला मुळीच मान्य नव्हतं. पुढं लोकांनी नेमकं तेच विसरून मुलांच्या कपाळावर आकडे चिकटवले!

पण पॅरिसच्या पोरांचे प्रश्न आपल्याला कसे चालायचे? धारवाडच्या डॉ. वि. वि. कामतांनी ते कानडी आणि मराठी मुलांसाठी बदलून घेतले. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. नंतर अमेरिकेतली वेक्स्लरची चाचणी भारतीय मुलांसाठी जुळवली ती डॉ. आर्थर मालिन यांनी, आपल्या नागपुरात. १९६९ची ही गोष्ट. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत गाडी जिथं पोचते, तिथंच! म्हणून तपासणीत "मले समजलं नाही" म्हणायला लाजू नका. प्रश्न कळलाच नाही, तर उत्तरावरून काय कळणार?

आता दुसरी गोष्ट. अकोल्यात शिकवणीसाठी बाहेरगावाहून येऊन खोली करून राहणारी मुलं-मुली पुष्कळ. त्यातली एखादी बोलकी मुलगी गप्पगप्प होते, जेवण टाळते, परीक्षा आली की पोटात कळ येते. तिथं ठोकळ्यांचं काम फारसं नाही. झोप कशी लागते, भीती कशाची वाटते, असं शांतपणे विचारतात. तुमचं बोलणं गावभर होत नाही. जिवाला धोका वाटला तर मोठ्यांना सांगावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

वाचन-लेखनाची अडचण खरी निघाली, तर २०१६च्या कायद्यानं ती मान्य केलेली आहे. दहावीच्या परीक्षेत जास्त वेळ मिळू शकतो. त्याला सरकारी प्रमाणपत्र लागतं, तेव्हा खासगी चिठ्ठीवर पैसे घालण्याआधी अमरावतीत इर्विनला, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात चौकशी करा. दहावीच्या जानेवारीत नको, आधीच. कागदांना वेळ लागतो.

अहवाल आला की एक प्रश्न तुम्ही स्वतः विचारा : "मला काय छान जमतं, ते यात कुठं लिहिलंय?" ते लिहिलेलं असायलाच हवं.

आणि घरी कोणी ऐकूनच घेत नसेल तर? टेलिमानसचा नंबर आहे १४४१६. दिवसा-रात्री केव्हाही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.